स्क्रू सर्वांत शेवटी

सायकल-सल्ला : वाचकांचे प्रश्न, दुकानातली उत्तरं

पाऊस ओसरला की साताऱ्यात सायकली बाहेर पडतात. कासला फुलं आलेली असतात, यवतेश्वरच्या घाटात पहाटेपासून पोरं चढताना दिसतात आणि दहाच्या सुमारास आमच्या दुकानासमोर रांग लागते. चार महिने जिन्याखाली ओलीच उभी असलेली सायकल एकदम घाटाला लावली की ती पहिली कुरकुरते पुढच्या गिअरपाशी. या खेपेला आलेली बरीचशी पत्रं त्याचीच आहेत, म्हणून हे पान सगळं त्यालाच दिलं.

पत्रांत कुणी ‘पुढची चक्री’ लिहिलंय, कुणी ‘तबकडी’, तर कुणी ‘दाते’. मी पॅडलजवळच्या तिन्हींना चेनव्हील म्हणते : मोठं, मधलं, लहान. चेनला एकावरून दुसऱ्यावर ढकलतो तो डिरेलर. त्याच्या ज्या दोन पत्र्यांमधून चेन जाते तो पिंजरा. हँडलवरचा खटका म्हणजे शिफ्टर. पॅडलला धरणारा हात म्हणजे क्रँक, आणि मागच्या चाकावरच्या दातेरी त्या चकत्या. इतकी नावं पुरेत.

ताई, माझी २१ गिअरची एमटीबी (माउंटन बाइक) आहे. मधल्या चेनव्हीलवरून मोठ्यावर चेन चढत नव्हती. एका दुकानात दाखवली, त्यांनी ‘एच’ लिहिलेला स्क्रू सैल केला आणि वायर जरा ओढली. दोन दिवस चाललं. आता कधी चढते, कधी नाही, आणि चढली की एखाद वेळी थेट बाहेर क्रँकवर पडते. स्क्रू परत किती फिरवू?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, शाहूपुरी, सातारा

किती फिरवायचा ते सांगते, पण तो स्क्रू कशासाठी असतो ते आधी ऐक. डिरेलरवरचे दोन स्क्रू गिअर ओढत नाहीत. ते शेताच्या बांधासारखे आहेत. ‘एच’ हा बाहेरचा बांध, ‘एल’ हा आतला. डिरेलरनं जास्तीत जास्त कुठवर जायचं एवढंच ते ठरवतात. त्याला तिथवर नेते ती वायर. तुझी वायर ढिली होती, म्हणून डिरेलर बांधापर्यंत पोचत नव्हता. दुकानात वायर थोडी ओढली गेली म्हणून दोन दिवस सुखाचे गेले. मग वायर पुन्हा सैलावली, पण सरकवलेला बांध तसाच राहिला. आता तू चिडून अंगठा जोरात दाबलास की पिंजरा तेवढ्यापुरता पलीकडे झेपावतो आणि चेनला मोठ्या चेनव्हीलच्या बाहेर टाकतो.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे. आबांनी दुकान माझ्या हाती दिलं त्याच्या पहिल्याच वर्षी एक मुलगा हीच तक्रार घेऊन आला होता. गर्दी होती. मी एच स्क्रू दोन आटे सैल केला, चेन चढली, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी तो यवतेश्वरचा घाट चढून वर सपाटीला लागला, मोठा गिअर टाकला आणि उभं राहून जोर लावला. चेन बाहेर पडली, पॅडल एकदम रिकामं फिरलं आणि तो हँडलवरून रस्त्यावर गेला. हनुवटीला पाच टाके. त्याची आई दुकानात आली तेव्हा ती ओरडली नाही, फक्त सायकल दाखवली. त्या दिवसापासून माझ्या दुकानात एच स्क्रूला हात सर्वांत शेवटी लागतो. हाताखालच्या पोरांनाही मी आधी हेच शिकवते.

आता तुझी सायकल. मागचं चाक मोकळं फिरेल अशी ती टांग. स्टँड नसेल तर पत्र्याच्या शेडच्या वाशाला दोर बांधून त्यात सीट अडकवली तरी काम होतं. डिरेलरची उंची आणि दिशा आधी बघून घे. त्याबद्दल खाली विश्रामबागच्या पत्रात सविस्तर लिहिलं आहे. ती चुकलेली असेल तर पुढचं सगळं फुकट.

मग चेन पुढे सर्वांत लहान आणि मागे सर्वांत मोठ्या चकतीवर आण, शिफ्टर एकवर ठेव आणि डिरेलरवर वायर जिथे दाबली आहे तो बोल्ट सैल कर. काही सायकलींना तिथे ९ चा पाना लागतो, काहींना ५ ची एलन की. वायर सुटली की डिरेलर आपोआप आत जाऊन एल स्क्रूला टेकतो. आता पिंजऱ्याचा आतला पत्रा आणि चेन यांच्यात लग्नपत्रिकेच्या कार्डाएवढीच फट हवी, अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी. जास्त असेल तर एल स्क्रू पाव आटा आवळ, पॅडल फिरव, परत बघ. आवळला की बांध चेनच्या जवळ येतो, सैल केला की लांब जातो. दोन्ही स्क्रूंना हाच नियम.

मग वायर. शिफ्टरपाशी जिथून वायर बाहेर निघते तिथला ॲडजस्टर पूर्ण आत फिरवून घे आणि एक आटा परत बाहेर काढ, म्हणजे पुढे बारीक फरक करायला दोन्हीकडे जागा राहते. वायर पक्कडीनं सरळ ताठ ओढ आणि बोल्ट आवळ. ताठ म्हणजे लोंबकळणारी नको एवढंच, एकतारीसारखी वाजायला नको. बोल्टला ५ ते ७ न्यूटन-मीटर जोर पुरतो. आखूड एलन की बोटांनी नीट आवळली तर तेवढा होतो. तिला पाइप लावून आवळणारे वायरचे धागे तोडतात.

आता पॅडल फिरवत गिअर वर ने. बहुतेकदा इथेच चेन मोठ्यावर चढते आणि तुझ्या लक्षात येतं की एच स्क्रूचं काही दुखतच नव्हतं. चेन पुढे मोठ्यावर, मागे सर्वांत लहान चकतीवर असताना बाहेरचा पत्रा आणि चेन यांच्यातही तेवढीच कार्डाएवढी फट ठेव. तुझ्या बाबतीत इथे एच स्क्रू आवळावा लागेल. किती ते तो आधी किती सैल केला होता त्यावर आहे, म्हणून पाव-पाव आटा करत ये आणि प्रत्येक वेळी गिअर टाकून बघ. शेवटी चेन पुढे मधल्या आणि मागे मोठ्या चकतीवर आणून आतला पत्रा घासत नाही ना ते ऐक. घासत असेल तर ॲडजस्टर थोडा आत फिरवून वायर जरा सैल कर. बाहेर येईल तसा फिरवला, म्हणजे घड्याळाच्या उलट, की वायर ताणते.

वायर किंवा आउटर, म्हणजे वायरवरचं नळीसारखं आवरण, नवं टाकलं असेल तर आठवड्याभरात ते आपल्या जागी बसतं आणि ताण जरा उतरतो. त्यासाठी दुकानात यायची गरज नाही, ॲडजस्टरचा अर्धा आटा पुरतो. स्क्रूला तेव्हाही हात लावू नकोस.

मी अंगणवाडीत काम करते. भावाची जुनी गिअरची सायकल वापरते. गिअर वर जातो, पण खाली येतच नाही. उतरून पायानं ढकलावा लागतो. पावसाळ्याआधी असं नव्हतं.
— पलूस तालुका, जि. सांगली

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. वर जाताना डिरेलरला तुमचा अंगठा ओढतो, खाली येताना मात्र त्याची स्वतःची स्प्रिंग त्याला आणते. अंगठ्यापुढे चिखल-गंज हरतो, स्प्रिंगपुढे हरत नाही. म्हणून वायर कुठेतरी अडकू लागली की पहिली तक्रार नेहमी उतरण्याची येते.

तुमच्याकडची माती काळी. आमच्याकडे कासच्या बाजूला जांभ्याची तांबडी माती आहे. ती वाळली की झटकता येते. काळी माती मात्र वाळली की सिमेंट होते. पॅडलचा दांडा ज्या नळीतून जातो तिला बीबी म्हणतात. बऱ्याच एमटीबींत पुढच्या गिअरची वायर फ्रेमच्या खालच्या नळीवरून येऊन या बीबीखाली वळते आणि परत वर डिरेलरकडे जाते. तिथे प्लॅस्टिकची एक छोटी पन्हळ असते आणि पुढचं चाक सगळा चिखल नेमका तिथेच उडवतं. ऊस वाहतुकीच्या काळात ट्रॅक्टरनं रस्त्यावर आणलेला गाळ, चोथा, सगळं त्या पन्हळीत जाऊन बसतं. सायकल आडवी करा आणि बघा, बहुतेक तिथे ढेकूळ सापडेल. जुन्या टूथब्रशनं आणि पाण्यानं ते काढा, पुसून कोरडं करा आणि मग थेंबभर पातळ तेल द्या. घट्ट ग्रीस तिथे नको, ते माती धरून ठेवतं.

नेमकं कुठे अडतंय ते ओळखायची एक साधी पद्धत आबांनी मला शिकवली. शिफ्टर एकवर ठेवा, मागचं चाक उचलून पॅडल फिरवत राहा आणि खालच्या नळीवरची उघडी वायर दोन बोटांनी धनुष्याच्या दोरीसारखी बाहेर ओढून सोडा. वायर सोडल्याबरोबर डिरेलर झटकन आत आला, तर त्याची स्प्रिंग आणि बीबीखालची पन्हळ ठीक आहेत, दोष शिफ्टरकडच्या आउटरमध्ये किंवा शिफ्टरमध्येच आहे. आळसावल्यासारखा हळूहळू आला किंवा मध्येच थांबला, तर दोष खालीच. मग डिरेलरचे सांधे ब्रशनं धुऊन प्रत्येकाला एक थेंब तेल द्या आणि तो हातानं आत-बाहेर हलवा. सांध्यात गंज चढला असेल तरी वीस-पंचवीस वेळा हलवल्यावर तो बहुधा मोकळा होतो.

आउटरमध्ये दोष निघाला तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, वायर आणि आउटर दोन्ही बदला. पण दुकानात उभं राहून एक गोष्ट बघा. गिअरचं आउटर वेगळं आणि ब्रेकचं वेगळं. ब्रेकच्या आउटरमध्ये पट्टी स्प्रिंगसारखी गोल गुंडाळलेली असते, जाडी साधारण ५ मिलिमीटर. गिअरच्या आउटरमध्ये तारा उभ्या, लांबीला समांतर असतात, जाडी बहुधा ४ मिलिमीटर. कापलेल्या तोंडाकडे बघितलं तर तारांच्या टोकांचं कडं दिसतं. ब्रेकचं आउटर गिअरला लावलं की ते ओढल्यावर थोडं दबतं आणि वळल्यावर त्याची लांबी बदलते. मग कितीही साधलं तरी गिअर एका जागी टिकत नाही. खेड्यात गिअरचं आउटर संपलेलं असतं आणि ‘हेच चालतंय’ म्हणून ब्रेकचं लावून देतात. चालत नाही. आतली वायरही गिअरची १.२ मिलिमीटरची असते, ब्रेकची त्याहून जाड.

आउटर कापल्यावर त्याचं तोंड चेमटतं. ते कानशीनं सपाट करून, आतली प्लॅस्टिकची नळी दाभणानं उघडून, वर टोपी बसवायची असते. हे तीन मिनिटांचं काम न केल्यामुळे नवी वायरसुद्धा जुन्यासारखी ओढते. मेकॅनिकसमोर उभं राहून करून घ्या. मागायला संकोचू नका.

सायकल खोक्यातून मागवली आणि स्वतः जोडली. एल, एच, वायरचा ताण, सगळं दिलेल्या पुस्तिकेप्रमाणे केलं. तरी मोठ्या चेनव्हीलवर चेन घासते आणि मधल्यावर येताना अडते. मी अभियंता आहे, मोजमापात चूक नाही.
— विश्रामबाग, सांगली

मोजमापात चूक नसेल, पण मोजायला सुरुवात कुठून केली हे बघू या. डिरेलर सीटच्या नळीवर एका पट्ट्यानं आवळलेला असतो. खोक्यातल्या सायकलींत तो प्रवासात सरकतो, आणि कारखान्यातूनच वाकडा आलेला मी अनेकदा पाहिला आहे. तो वर-खाली किंवा फिरलेला असेल तर कुठलाही स्क्रू त्याला सरळ करणार नाही.

पिंजऱ्याचा बाहेरचा पत्रा हातानं ओढून मोठ्या चेनव्हीलच्या बरोबर वर आणा. दात्याचं टोक आणि पत्र्याची खालची कड यांत १ ते ३ मिलिमीटर अंतर हवं. दुकानात मी रुपयाची नाणी वापरते. एक नाणं आडवं सहज सरकलं पाहिजे, तीन एकावर एक ठेवून सरकता कामा नये. जास्त उंच असेल तर पिंजरा चेनला ढकलतो, पण तिला वर उचलायला त्याची पकड कमी पडते. जास्त खाली असेल तर मधल्याकडे येताना दात्यांना घासतो. मग वरून खाली बघा : बाहेरचा पत्रा चेनव्हीलला समांतर हवा. डोकं चेनच्या रेषेत आणून एक डोळा मिटून बघितलं की वाकडेपणा लगेच दिसतो. पट्टा थोडा सैल करून फिरवा, आवळा, परत बघा. आवळताना तो हमखास किंचित फिरतो, म्हणून शेवटची नजर आवळल्यानंतरची. त्यानंतर एल, वायर, एच, सगळं पहिल्यापासून.

हे करूनही एका फेऱ्यात एकदाच ‘खर्र’ असा आवाज येत असेल तर चेनव्हील आउट, म्हणजे किंचित वाकडं, आहे. पॅडल हळू फिरवत पत्रा आणि चेनव्हील यांच्यातल्या फटीवर नजर ठेवा, ती कमी-जास्त होताना दिसेल. थोडं आउट असेल तर मोठ्या ॲडजस्टेबल पान्यानं दाता धरून हलकेच सरळ करता येतं. हे काम एखाद्या अनुभवी हाताकडून एकदा बघून घ्या आणि मगच करा.

पुढे मोठं, मागेही मोठं, असं ठेवलं की चेन घासल्याचा आवाज येतो. काय बिघडलं?
— करंजे, सातारा

काही नाही. चेन तिरकी ओढली जाते. पुढे मोठं असताना मागे लहान चकत्या, पुढे लहान असताना मागे मोठ्या चकत्या, मधल्यावर बहुतेक सगळ्या. आवाज बंद करण्यासाठी कुणी डिरेलर सैल करायला सांगितला तर करू नका.

पुढच्या गिअरची कटकट नकोच. डिरेलर काढून पुढे ३२ दात्यांचं एकच चेनव्हील लावायचा विचार आहे. आता पुढे ४२-३४-२४, मागे १४ ते ३४ अशा सात चकत्या आहेत. साताऱ्याहून कास, कधी पसरणी घाट. करू का?
— कराड

हा प्रश्न आता प्रत्येक तिसरा पोरगा विचारतो आणि त्यांचं चुकत नाही. २०१२ मध्ये स्राम कंपनीनं पुढे एकच चेनव्हील असलेला ११ गिअरचा एक्सएक्स-वन संच आणला, तेव्हापासून महागड्या एमटीबींवरून पुढचा डिरेलर हळूहळू नाहीसाच झाला. नवी सायकल घेणार असाल आणि खिसा परवानगी देत असेल तर जरूर तशी घ्या. पण तुमच्या आहे त्या सायकलवर करू नका, आणि का ते हिशेबानं सांगते.

तुमचा सर्वांत हलका गिअर आता पुढे २४, मागे ३४. पॅडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक ०.७१ फेरा घेतं. २६ इंची चाकाला ते जवळपास दीड मीटर होतं. पुढे ३२ लावलंत की हाच आकडा ०.९४ होतो, म्हणजे जवळपास दोन मीटर. प्रत्येक पावलाला एक तृतीयांश जास्त ओझं. सपाटीला कळणार नाही. पसरणीच्या घाटात उन्हात, अर्ध्या वाटेवर, गुडघे सांगतील. दुसऱ्या टोकाला ४२-१४ चा वेग जातो, वाईच्या सपाट रस्त्यावर पाय नुसते भिरभिरतील.

मग मागे मोठी चकती लावू म्हणाल. तुमच्या चाकाला मागे फ्रीव्हील आहे, म्हणजे हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्यांनी बसणारा चकत्यांचा गोळा. एक-चेनव्हीलच्या संचातल्या ११ ते ५० वगैरे कॅसेट (चकत्यांचे गट) त्या हबवर बसत नाहीत. नवं हब किंवा नवं चाक, नवा मागचा डिरेलर, नवा शिफ्टर, नवी चेन. पुढचं चेनव्हीलही आलटून-पालटून जाड-बारीक दात्यांचं लागतं, कारण चेनला धरून ठेवणारा पिंजरा आता नसतो. साधं चेनव्हील लावून पिंजरा काढलात तर खडबडीत उतारावर चेन उडते.

एवढ्या खर्चापेक्षा नवी वायर, नवं आउटर आणि एक सकाळ द्या. तुमची कटकट वायरची आहे, तीन चेनव्हीलांची नाही, असा माझा अंदाज आहे. करून बघा आणि तरी सुटली नाही तर पुन्हा लिहा, मी उत्तर देईन.

ताई, मी नववीत आहे. शाळेला सायकलनं येते. चढ आला की मी गिअर लहान करते आणि चेन आत पडते. हात काळे होतात, शाळेत उशीर झाला म्हणून बोलणी बसतात. मला स्वतःला दुरुस्त करायचं आहे.
— कोरेगाव तालुका

बाळा, तुझं पत्र मी दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं.

आधी उद्या सकाळचं बघू. चेन आत पडली की लगेच उतरून ती हातात घेऊ नकोस. रस्ता मोकळा असेल तर शिफ्टर एक गिअर वर टाक आणि पॅडल अगदी हलकं फिरव. असं केलंस की बऱ्याच वेळा पिंजरा चेनला उचलून परत वर घेतो. पॅडल अडलं तर मात्र जोर लावू नकोस, उतर. दप्तराच्या कप्प्यात जुन्या कापडाचा तुकडा ठेव, चेन त्यानं धरायची.

आता दुरुस्ती. एल स्क्रू बहुधा सैल आहे. वर पहिल्या उत्तरात दिलंय तसं कार्डाएवढी फट ठेव. स्क्रूड्रायव्हर खाचेत नीट बसेल असाच घे, लहान घेतलास तर खाच मरते. पण त्याआधी दोन्ही क्रँक हातात धरून सायकलच्या आडव्या दिशेनं हलवून बघ. खडखड जाणवली तर बीबी ढिली आहे. चेनव्हीलच डुलत असताना स्क्रू कसाही लावलास तरी चेन पडणार. बीबीचं काम दुकानातच कर, त्याला वेगळा पाना लागतो.

चेनही मोज. तुझ्या कंपासपेटीबरोबरची स्टीलची पट्टी असेल ना, १२ इंचांची? चेनच्या एका पिनच्या मधोमध शून्य ठेव. नव्या चेनची त्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश गेली असेल तर तिनं दातेही खाल्लेत. मग चेनव्हीलचे दाते एका बाजूला आकडीसारखे झालेले दिसतील. असे दाते चेन सोडत नाहीत, तिला वर ओढून फ्रेममध्ये अडकवतात.

आणि चढाच्या आधी गिअर बदल, चढावर नको. का ते पुढच्या पत्रात काकांना सांगितलंय, तेही वाच. स्क्रू फिरवण्याआधी त्याच्या डोक्यावर पांढऱ्या खडूनं रेघ मार, म्हणजे चुकलं तरी परत पहिल्या जागी आणता येईल. तुला जमेल.

मुली, मी एसटीत ड्रायव्हर होतो, निवृत्त झालो. नातवाची गिअरची सायकल घेऊन रोज मेढ्याच्या रस्त्याला जातो. पुढचा गिअर टाकताना अंगठा दुखतो आणि चढावर टाकला की कडाकड आवाज होतो. आयुष्यभर गिअर टाकले, असा आवाज कधी काढला नाही.
— मेढा, ता. जावळी

काका, केळघरच्या घाटात एसटी चढवलेल्या माणसाला मी गिअर शिकवणं बरं दिसत नाही, म्हणून तुमच्याच गाडीचं उदाहरण घेते. क्लच न दाबता तुम्ही गिअर टाकला असता का? सायकलला क्लच नाही, तो तुमच्या पायात आहे.

मागचा डिरेलर चेनच्या खालच्या बाजूला काम करतो, तिथे चेन ढिली असते. म्हणून तो चढावरही निभावून नेतो. पुढचा डिरेलर काम करतो वरच्या बाजूला, आणि तुमच्या पायाचा सगळा जोर त्याच बाजूनं मागच्या चाकाकडे जात असतो. ताणलेल्या चेनला आडवं ढकलायचं म्हणजे भरल्या गाडीत क्लचशिवाय गिअर. म्हणून खटका दाबण्याच्या क्षणी पॅडल फिरतं ठेवा, पण त्यावरचा जोर अर्धा फेरा काढून घ्या. पाय थांबवू नका, थांबवले तर चेन चढणारच नाही. चढ समोर दिसला की पायथ्याला, वेग असतानाच लहान गिअर घ्या. तुम्हाला याची सवय दोन दिवसांत होईल.

अंगठ्याचं दुखणं मात्र तुमच्या पद्धतीचं नाही, ते सायकलचं आहे. निरोगी वायर असेल तर एवढा जोर लागत नाही. हँडलपाशी आउटर फार आखूड कापलेलं असेल आणि त्याला कडक वळण पडलं असेल, किंवा आत गंज असेल, किंवा शिफ्टरमधलं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं असेल. वायर डिरेलरपाशी सोडून नुसता शिफ्टर दाबून बघा. तरीही जड लागला तर ग्रीस. मग शिफ्टरचं झाकण काढून आत पातळ तेलाचा स्प्रे मारायचा आणि पन्नासेक वेळा वर-खाली करायचं. घट्ट झालेलं ग्रीस विरघळून बाहेर येतं, ते पुसायचं आणि ताजं तेल थोडंसं द्यायचं. आतल्या बारीक स्प्रिंगा आणि दाते सुटे करायचे नाहीत, ते परत बसवणं जिकिरीचं असतं.

घरी नाही जमलं तर साताऱ्याला येताना सायकल एसटीच्या टपावर टाकून आणा. सोमवारी दुकान बंद असतं. मंगळवारी सकाळी आलात तर वायर-आउटर नवं टाकून देते, आणि आउटर हँडलपाशी किती लांब ठेवायचं ते तुम्ही सायकलवर बसून, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून दाखवा, तेवढंच कापेन.